डोमाजी गिटारची जुनी पाटी

कोंढा, ता. पवनी
१४ ऑक्टोबर २०२५

भावना पोरी,

आशीर्वाद. पुण्यात नोकरी लागली का माणसाचे हात मोडतेत काय? दोन ओळी लिहायले काय होते तुले? फोन करतो म्हणशील. फोनवर मले आयकू येत नाही, अन् फोन राह्यते तुह्या मोठेबाबाच्या, गोप्याच्या खिशात. म्हणून चौथीपर्यंत शिकली ते आज कामी लावून राहिली. अक्षरं वाकडी दिसली तर हासू नोको. तुह्या मास्तरनं शिकवली नाही ती.

आता काम सांगतो. तुनं बारावीत असताना गिटारीच्या दुकानाची कंप्युटरात पाटी लावली होती ना, वेबसाईट, ती जुनी झाली म्हणते तुहे मोठेबाबा. त्यावरचा घरचा तारेचा फोन बंद, भाव तवाचे, अन् ज्या गिटारी दिसतेत त्या विकून जमाना झाला. नागपुरातली एक गाण्याची शाळा गिटारी घ्यायले तयार होती. त्यायनं पाटी पाह्यली अन् इचारलं, हे दुकान अजून चालू हाये का बसलं? नवीन करायचं तर नागपूरच्या कंपनीनं चाळीस हजार सांगतले. तेवढ्यात दोन दुभत्या म्हशी येतेत, अन् म्हशीले दर साली नवीन करा लागत नाही.

बरं, पैशाचं गोप्या पाहून घेईन. पण जुन्या पाटीचं कुलूप उघडल्याशिवाय कंपनीले हात लावता येत नाही. अन् कुलपाचा नंबर येते तुह्या बापाच्या मोबाईलवर. पाटी लावली तवा घरात मोबाईल एकट्या घनश्यामजवळच होता, म्हणून त्याचाच लिहिला. तीस नोव्हेंबरले मुदत सरते. मंग पाटी बंद, अन् तुह्या आज्याचं नावही जाते. नाटकवाल्यायच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करता करता एक फुटकी गिटार उघडून पाह्यली त्यानं, अन् तिच्यावरून दुसरी बनवली. तवापासून लोक 'डोमाजी गिटार' म्हणतेत. ते नाव गोप्याच्या घरची चूल पेटवते. दुसरं काही येत नाही त्याले.

तुहा बाप सात सालापासून आमच्याशी बोलत नाही. तुह्या मायले, कुंताले, भंडाऱ्यात राहाची हौस, म्हणून भांडण काढून गेला तो. ते मी काढत नाही आता. तू त्याले एवढंच सांग का नंबर आला का देऊन टाक. त्याच्या बापाचं काय जाते?

तुही आजी
शकुनबाई


पुणे
२४ ऑक्टोबर २०२५

आजी,

तुझं पत्र दिवाळीत मिळालं. मी यंदा भंडाऱ्यालाही गेले नाही. का ते पुढे कळेल.

बाबा नंबर देणार नाहीत. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही आणि विचारणारही नाही.

तू लिहिलंस की आईला भंडाऱ्यात राहायची हौस होती. आजी, माझ्यापुढे तरी असं नाटक करू नको. त्या वेबसाईटवर गिटारींच्याही वर, पहिल्याच पानावर काय आहे ते तुला माहीत आहे. तरी इथे लिहून काढते. मला ते पाठ आहे.

'जाहीर सूचना. सोबतच्या फोटोतील इसम नामे घनश्याम डोमाजी याचा आमच्या कामाशी काहीही संबंध राहिलेला नाही. त्याच्या निकृष्ट कामामुळे गिटार फुटल्यास आम्ही जबाबदार नाही. त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याने आपल्या जोखमीवर करावा. आईच्या व कुटुंबाच्या संमतीने. गोपीचंद डोमाजी, कोंढा.'

सात वर्षं ते तिथं आहे. मी शाळेच्या कंप्युटरवर बसून केलेल्या पानावर. मोठेबाबांनी लाखनीला रिता मोठ्या आईच्या भाच्याकडून, धर्मेंद्रच्या मोबाईलच्या दुकानातून ते टाकून घेतलं. माझा पासवर्ड मीच त्यांना दिला होता, भाव बदलायचे म्हणून. धर्मेंद्रने तो बदलून टाकला, आणि आता नंबराशिवाय आत जाता येत नाही.

बाबांनी भंडाऱ्यात स्वतःचं गिटारीचं काम सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक मोबाईलवर नाव टाकून बघायचं आणि परत यायचं नाही. आज ते दुसऱ्याच्या कारखान्यात सोफ्याचे सांगाडे ठोकतात. सप्टेंबरमध्ये मला बघायला गोंदियाचे लोक आले होते. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या मामाने नाव टाकलं. फोटो समोर आला. त्याने मोबाईल सगळ्यांना फिरवून दाखवला. बाबांनाही दाखवला.

आता तीस नोव्हेंबरला सगळं आपोआप बंद होणार असेल तर होऊ दे. आम्हाला काहीच करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं आहे. ते आम्हाला सात वर्षांत चांगलं जमलं आहे.

आणि तुझी संमती होती की नव्हती, हे मला सांगू नको. त्या फोटोत बाबांच्या खांद्यावर तुझा हात आहे.

भावना


कोंढा
१ नोव्हेंबर २०२५

भावना,

तुहं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, अन् रिताले हाक मारली. म्हटलं, सूनबाई, तुह्या फोनवर दुकानाची पाटी दाखव. तिचं तोंड पाहूनच समजलं मले. 'आत्या, चष्मा घरात राह्यला असन तुमचा,' म्हणे. म्हटलं, चष्मा डोळ्यावर हाये, तू दाखव.

पाह्यली मी.

तो फोटू गोप्याच्या गुड्डीच्या बारशाचा हाये. सारे होतो आपण त्यात. घनश्यामले तेवढा कापून काढला, पण खांद्यावरचा हात कापायचा राह्यला. पितळेची पाटली दिसते त्यात, चेपलेली. भंडाऱ्याच्या बाजारातून घेतली, अन् धान कांडायच्या ढेकीत सापडून चेपली. तो हात माहाच हाये. जिच्या मांडीवर पोरगं वाढलं, तिचाच हात ठेवून त्याले चोर ठरवला. पोलीस चोराले धरते तसा दिसते तो हात त्यात.

गोप्या आंगण्यात गिटारीले घासत होता. म्हटलं, "हे काय हाये?"

"जुनं हाये माय ते. निघतच नाही. निघावं म्हणून तर नंबर पाह्यजे."

"निघते का नाही हे इचारलं का मी? घातलं कोनं?"

"रागात होतो."

"राग तुहा. मंग त्यात 'आईच्या संमतीनं' कायले? मी कवा दिली?"

"नोटीस तशीच लिहितेत माय. वकिली भाषा हाये ते."

बोल! मले इचारलं नाही, सांगतलं नाही, अन् माही संमती वकिली भाषेत निघाली. वर मले सांगतलं का कुंताले शहर पाह्यजे होतं. मी सात साल त्या पोरीले शिव्या दिल्या. वाया गेल्या साऱ्या. ज्याले द्याच्या होत्या तो माह्याच हातची भाकर खात होता.

मंग जिच्यावरून भांडण पेटलं, त्या फुटलेल्या गिटारीचं इचारलं मी. जयपूरच्या गिऱ्हाइकाची. तुहा आजा शिवणीच्या लाकडाच्या फळ्या धानाच्या तणसात, वाळल्या पेंढ्यात दाबून ठेवे. दोन पावसाळे त्या गंजीले ढोराचं तोंड लागू देत नसे. तणस हळू हळू ओल पिऊन घेते, मंग लाकूड चिरत नाही. त्या साली गोप्यानं एका पावसाळ्यातच फळ्या ओढल्या, पोळ्याच्या वक्ती. मले म्हणे, घनश्यामनं मागतल्या. आता रिता म्हणते, घनश्याम तर नाही नाही म्हणत होता, ओलं हाये म्हणत होता, फळी हातातून हिसकत होता. राजस्थानची हवा लागली अन् गिटार उभी चिरली. अन् नाव आलं जोडणाऱ्या घनश्यामवर.

तू म्हणशील सात साल एका घरात राहून बुढीले समजलं नाही कसं. तुमच्या त्या पाटीले माहं बोट लागत नाही. भितीवर लिहिलं असतं तर पुसून टाकलं असतं मी.

काय पाह्यजे तुमाले, ते साफ लिही. गप्प बसतो म्हणू नोको. गप्प बसणं म्हणजे काय, ते म्या आताच पाह्यलं.

शकुनबाई


पुणे
८ नोव्हेंबर २०२५

आजी,

पत्र वाचून मी बराच वेळ ते तसंच ठेवलं. खरं लिहिते, आधी माझा विश्वास बसला नाही. मग पाटलीचं वाचलं. खोटं बोलणारा माणूस एवढं बारीक बघत नाही.

मी फोनवर तुझं पत्र वाचत गेले आणि आई ते बाबांना सांगत गेली.  'फळ्या अजून तणसातच ठेवते का गोपीभाऊ?' एवढंच त्यांनी विचारलं.

तू विचारलंस काय पाहिजे. पैसे नकोत. सूचना गुपचूप काढून टाकणंही नको, बाबांच्या नंबरावर ते मी कधीच केलं असतं. जे सगळ्यांना दाखवून लावलं ते चोरून काढलं तर लोकांना तेच खरं वाटत राहणार. मोठेबाबांनी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावं की लाकूड त्यांनी लवकर काढलं आणि आधीचं खोटं होतं. आणि हे त्यांनी भंडाऱ्याला येऊन, बाबांसमोर बसून सांगावं. मग नंबराचं बघू. बाकी नवी वेबसाईट मी करून देईन, नागपूरच्या कंपनीची गरज नाही.

हे होणार नाही हे मला माहीत आहे. मोठेबाबा वाकणार नाहीत आणि बाबा बोलावणार नाहीत. मग तीस तारीख आहेच.

भावना


कोंढा
१७ नोव्हेंबर २०२५

भावना,

तुहं पत्र गोप्याले वाचून दाखवलं. त्याच्या हातात दिलं नाही, मीच वाचलं, अडखळत अडखळत. अडखळली का तो म्हणे, "समजलं, समजलं." म्हटलं, समजलं तर बस, पुरं आयक.

मंग म्हणे, "लहान भावाच्या दारी जाऊन नाक घासू? बंद पडू दे पाटी. आपले हात हायेत, गिटारी हायेत. पाटी नव्हती तवा डोमाजी बुवा काय उपाशी मेला?"

"बुवानं भावाचा फोटूही नव्हता लावला," म्हटलं मी.

ताटावरून उठला. जेवू नको म्हटलं. डाळ म्हशीले घातली.

दोन दिवस वाट पाह्यली. मंग मी माहं केलं. तणसाची गंजी माह्या आवारात हाये, अन् आवार माह्या नावावर. यंदा दुसरा पावसाळा सरला त्या फळ्यायवर, निघायच्या बेतात होत्या. नागपूरच्या शाळेच्या साऱ्या गिटारी त्याच्यातून निघणार होत्या. गोप्या पवनीले गेला तसा राजकुमार ट्रॅक्टरवाल्याले बोलावलं, बायायले बोलावलं, अन् गंजी उसकटून फळ्या साऱ्याच्या साऱ्या भरल्या. मीही बसली ट्रॉलीत वर. राजकुमार म्हणे, "मावशी, पडसान." म्हटलं, तू खड्डे पाह्य, मी माहं पाह्यतो.

तुह्या बापाच्या दारी गेली. सात सालानं पाह्यलं त्याले. बारीक झाला. पाया पडला अन् फळ्या उतरवायले लागला. एक एक फळी कानाले लावून ठोकून पाहे, मंग सावलीत ठेवे. कुंतानं चहा आणला. माह्याकडे पाह्यलं नाही. मी तिले म्हटलं, "शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या माह्या." ती म्हणे, "इथवर पोचत होत्या आत्याबाई." बोलते बरं, मी समजत होती मुकी हाये. घनश्यामले म्हटलं नाही का गोप्याले माफ कर. मी काय गांधीबाबा हावो? म्हटलं, लाकूड तुह्याजवळ, नंबर तुह्याजवळ. गिऱ्हाईक अन् नाव त्याच्याजवळ. आता तुमी जाणा.

घरी आली तर गोप्या उसकटलेल्या गंजीसमोर उभा. माहं काय काढलं नाही त्यानं! चोर म्हटलं, बुढी म्हटलं, म्हातारपणी डोकं फिरलं म्हटलं. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल, आयकू येत नाही." तो अजून वरडला. सारा मोहल्ला बाहेर आला. मी भात टाकायले गेली.

 आता तो गिटारीले तारा चढवते अन् काढते. रिता भिऊन हाये. गुड्डी इचारते, दुकान बंद होते का आजी? तिले काय सांगू? तेरा दिवस राह्यले.

शकुनबाई


पुणे
२२ नोव्हेंबर २०२५

आजी,

फळ्या पोचल्याचं आईने कळवलं. बाबा कामावरून आले की त्यांच्याजवळ जाऊन बसतात म्हणे. हात लावत नाहीत.

शनिवारी, एकोणतीसला, मी दिवसभर कंप्युटरसमोर असेन. मी इकडून मागितला की नंबर बाबांच्या मोबाईलवर येईल. सहा आकडे, दहा मिनिटं चालतात, मग मरतात. तीनदा वाया गेले तर दोन दिवस कुलूप बंद, म्हणजे आपल्यासाठी कायमचंच. हे सगळं मोठ्या आईच्या फोनवरही कळवलं आहे.

तुला लपवून काय करू? सगळं बंद व्हावं असं मला अजूनही वाटतं. पण काल ते पान उघडलं. सूचनेच्या खाली बारावीतला माझा फोटो आहे, तणसाच्या गंजीवर गिटार ठेवून बाबांनी काढलेला. तो पण जाईल.

मोठेबाबा आले तर ठीक. नाही आले तर तू त्यांना ओढून आणू नको. ओढून आणलेल्या माणसाचं लिहिलेलं मी टाकणार नाही.

भावना


कोंढा
३ डिसेंबर २०२५

भावना पोरी,

आशीर्वाद. तू फोनमधून जेवढं आयकलं तेवढं तुले माहीत हाये. पण तू काय पाह्यलं नाही ते लिहितो. नाही तर तुही माय गोड करून सांगन.

गोप्याले मी ओढलं नाही. शुक्रवारी रातच्यानं आंगण्यात उसकटलेलं तणस गोळा करून गंजी नीट लावत होता तो, एकटाच. फळ्या नाहीत तरी. सकाळी अंगात धुतलेला सदरा. म्हणे, "एष्टी नवाची हाये. येतं का?" मी तर चप्पल घालूनच बसली होती, रिताही मांगून निघाली.

भंडाऱ्याले घनश्यामच्या खोलीत दोघंही भिंतीले पाठ लावून बसले, समोरासमोर. मधात दोन मोबाईल. रिताच्या मोबाईलवर तू, अन् घनश्यामचा पालथा. तू नंबर धाडला. मोबाईल थरथरला. घनश्यामनं उलटा करून पाह्यला, पुन्हा पालथा घातला.  कुंता दारात उभी. दहा मिनिटं गेली, नंबर मेला. तू काही म्हटलं नाही तिकडून, म्हणून मले समजलं तूही तुह्या बापाचीच पोरगी हावस.

दुसरा धाडला. गोप्याचे हात पाह्यले मी. लाकूड घासून घासून बोटं गुळगुळीत झाली त्याची, ते एकमेकांत घालून बसला होता. मंग बोलला काहीतरी, जमिनीकडे पाहून.

मी म्हटलं, "मले आयकू आलं नाही."

तो पुन्हा बोलला. म्हटलं, "अजूनही नाही. म्हातारीसाठी मोठ्यानं बोल बाप्पा."

तवा वरडला तो: "लाकूड मी ओलं काढलं! घनश्याम नाही म्हणत होता! गिटार माह्या घाईनं फुटली! पाटीवर लिहिलं ते खोटं हाये, अन् मायची संमती नव्हती!"

गल्लीतले दोन-तीन लोक थांबले. समोरची लीलाबाई कपडे वाळू घालत होती, तिचे हात तसेच दोरीवर. ज्या गल्लीनं मोबाईलवर तुह्या बापाचं नाव वाचलं, त्याच गल्लीनं हे आयकलं. जाहीर करायचं तर असं जाहीर करा लागते. खरं सांगू? मले पह्यल्याच वेळेस आयकू आलं होतं.

तू तिकडून टाईप करत होती म्हणते रिता. पण या साऱ्यात दुसरा नंबरही मेला. एकच राह्यला. तू धाडला. मोबाईल थरथरला, घनश्यामनं हातात घेतला अन् बसला पाहत.  मी बोलणार होती. पण मी बोलली असती तर ते माहं झालं असतं, त्याचं नाही.

मंग त्यानं डोकं वर केलं, गोप्याकडे पाह्यलं, अन् एक एक करून सांगतलं. सात. शून्य. चार. गोप्या तेच आकडे फोनमध्ये तुले सांगत गेला, शाळेतल्या पोरासारखा. सात सालात भाऊ भावाशी बोलला ते सहा आकडे. तवढंच. गळ्यात पडले म्हणून कुंता सांगन तर मानू नोको.

नवीन सूचना रितानं मले दाखवली. अक्षरं मोठी हायेत. बारशाचा फोटू काढून टाकलास, बरं केलं. गोंदियावाल्याचा पुन्हा निरोप आला म्हणते. तू तुहं पाह्य, पण पोहे खाऊन मंग नाव पाह्यणाऱ्याच्या घरी मी तर म्हसही देणार नाही.

निघाच्या वक्ती गोप्या फळ्यायपाशी थांबला. एक उचलली, कानाले लावली, बोटानं ठोकली. नागपूरवाले गिटारी मागून राहिले, त्याले घाई हाये. घनश्याम मांगून म्हणे, "गंजी उसकटली ते ऊन लागलं त्यायले. परत तणसात घाल. अजून एक पावसाळा."

 गोप्यानं फळी हळूच खाली ठेवली.

"इथं तणस कुठं हाये?" म्हणे.

"कोंढ्याले हाये ना," घनश्याम म्हणे.

मी मधात बोलली नाही. मले तर आयकूच येत नाही.

तुही आजी
शकुनबाई